पंधरा दिवसांत नवे फ्रेमवर्क : घाई किती, पाया किती?

बुलडाणा जिल्ह्यात शेगाव येथे १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ज्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत हा जिल्हा येतो, त्याची स्थापनाही त्याच वर्षीची. पुढील काळात चिखली, मलकापूर आणि खुद्द बुलडाणा येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर ज्यांचे घर चालते, अशा कुटुंबांतील मुले-मुली संगणक अभियंता होऊन पुण्याच्या हिंजवडी-खराडीत, नागपुरात, हैदराबाद आणि बंगळुरूमध्ये नोकरीला लागली. गावाकडच्या घरात पहिला संगणक आणि पहिला पगार बहुधा एकाच वेळी पोहोचला.

नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत मात्र पहिल्या काही आठवड्यांतच दूर होते. महाविद्यालयात सी, जावा, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम असे विषय शिकवले जातात. प्रत्यक्ष कामावर रुजू झाल्यानंतर समोर येते ते स्प्रिंग बूट, अँग्युलर, रिअ‍ॅक्ट, जँगो, लाराव्हेल किंवा डॉट नेट यांपैकी एखादे फ्रेमवर्क. 'पुढच्या सोमवारपासून अमुक प्रकल्पावर काम करायचे आहे, तेथे हे फ्रेमवर्क वापरतात, पंधरा दिवसांत हाताखालून जायला हवे,' अशी सूचना मिळते. कामाचा अनुभव असलेल्यांचीही यातून सुटका नाही. पाच-सात वर्षे एका फ्रेमवर्कवर हात बसलेला अभियंता प्रकल्प बदलताच पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसतो. ज्याचा परिवीक्षा काळ सुरू आहे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ज्याच्या पगारातून वळता होतो, त्याच्यासाठी हे पंधरा दिवस केवळ कुतूहलाचे नसतात. प्रकल्पाबाहेर, अर्थात 'बेंच'वर, बसावे लागण्याची भीती त्यामागे असते.

अशा वेळी बहुतेक जण एकच मार्ग धरतात. रात्री जागून लांबलचक व्हिडिओ पाहायचे, जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे आणि सोमवारी कामावर बसल्यानंतर काहीच आठवत नाही म्हणून हताश व्हायचे. दोष बुद्धीचा नसतो, पद्धतीचा असतो. फ्रेमवर्क म्हणजे नेमके काय, त्यातील कोणता भाग टिकाऊ आणि कोणता तात्पुरता, आणि थोड्या वेळात मेंदू काय स्वीकारू शकतो, एवढे समजून घेतले तर पंधरा दिवसांत पुष्कळ काही साध्य होते.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी आणि फ्रेमवर्क या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. एसटीच्या उदाहरणाने हा फरक चटकन लक्षात येईल. रिक्षा आपण बोलावतो, आपण सांगू तेथे ती जाते आणि काम झाले की तिचा संबंध संपतो. लायब्ररी ही अशी असते. आपला प्रोग्रॅम तिला हवी तेव्हा हाक मारतो. एसटीचे तसे नाही. मलकापूरहून बुलडाण्याला निघालेली गाडी मोताळ्यावरून राजूर घाट चढून येणार, हे आधीच ठरलेले असते. प्रवाशाने ठरलेल्या थांब्यावर ठरलेल्या वेळी उभे राहायचे. गाडी येऊन त्याला घेऊन जाईल. फ्रेमवर्कही असेच असते. कामाचा मार्ग, थांबे आणि क्रम त्याने आधीच ठरवलेले असतात. प्रोग्रॅमरने आपला मजकूर योग्य थांब्यावर ठेवायचा. तो केव्हा चालवायचा हे फ्रेमवर्क ठरवते.

ही नियंत्रणाची उलटापालट हेच फ्रेमवर्कचे व्यवच्छेदक लक्षण होय. राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट या संगणकतज्ज्ञांनी १९८८ सालच्या आपल्या निबंधात ते स्पष्टपणे मांडले होते. नवशिक्याची पहिली घुसमट याच ठिकाणी होते. महाविद्यालयात लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जातो आणि त्याचे मुख्य दार कोठे आहे हे दिसते. फ्रेमवर्कमध्ये मात्र पन्नास फायली समोर असतात आणि सुरुवात कोठून होते हेच कळत नाही. कारण सुरुवात आपल्या मजकुरात नसतेच, ती फ्रेमवर्कच्या पोटात असते. म्हणून नवे फ्रेमवर्क हाती आले की पहिला प्रश्न 'यात काय काय आहे?' असा विचारू नये. 'हे माझ्या मजकुराला केव्हा आणि कोठे बोलावते?' असा विचारावा. या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की निम्मे धुके विरते.

घाईतूनच जन्मलेले साधन

फ्रेमवर्कचा इतिहास पाहिला तर त्यांतील बहुतेकांचा जन्म कामाच्या घाईतच झाला असे दिसते. 'जँगो' हे पायथन भाषेतील लोकप्रिय फ्रेमवर्क तर एका वृत्तपत्राच्या कचेरीत तयार झाले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचे दैनिक आहे. त्याच्या संकेतस्थळाचे काम करणारे एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांना बातमीच्या वेळापत्रकानुसार काही दिवसांत, कधी काही तासांत नवी पाने उभी करावी लागत. तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागू नयेत म्हणून २००३ च्या सुमारास त्यांनी स्वतःसाठी एक सांगाडा रचला. २००५ साली तो जगासाठी खुला झाला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्याला देण्यात आले.

'रुबी ऑन रेल्स'ची कथाही वेगळी नाही. डेन्मार्कचे डेव्हिड हायनमायर हॅन्सन यांनी 'बेसकॅम्प' हे प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर लिहिले आणि त्यातील सर्वसाधारण भाग वेगळा काढून २००४ मध्ये तो रेल्स या नावाने प्रसिद्ध केला. जावाच्या क्षेत्रात २००० साली 'स्ट्रट्स' आले. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातील विचारांवर उभ्या राहिलेल्या 'स्प्रिंग'ची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये आली. या सर्वांच्या मुळाशी असलेली मांडणी तर याहून जुनी आहे. माहिती, तिचे दर्शन आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हा 'मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर' विचार नॉर्वेचे त्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात असताना मांडला.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, प्रत्येक फ्रेमवर्क हे कोणत्या तरी विशिष्ट अडचणीचे उत्तर असते. ती अडचण कोणती होती हे आधी जाणून घेतले तर त्यातील विचित्र वाटणाऱ्या रूढींचा अर्थ लागतो. 'फायलीचे नाव असेच का?', 'हा मजकूर याच फोल्डरमध्ये का?' हे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते समजतात.

टिकणारे आणि न टिकणारे

गूगलने २०१० मध्ये 'अँग्युलर जेएस' हे फ्रेमवर्क आणले. काही वर्षांतच ते नोकरीच्या जाहिरातींत सर्वत्र दिसू लागले. २०१६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली. आधीचा मजकूर तिच्यात जसाच्या तसा चालेना. २०२१ च्या अखेरीस जुन्या अँग्युलर जेएसचा अधिकृत आधारही संपला. ज्यांनी केवळ त्याची वाक्यरचना घोकली होती त्यांची मेहनत बरीचशी वाया गेली. ब्राउझर आणि सर्व्हर यांचा संवाद कसा चालतो, जावास्क्रिप्ट भाषा आतून कशी वागते, हे ज्यांनी शिकून घेतले होते ते रिअ‍ॅक्टकडे किंवा नव्या अँग्युलरकडे फारशी पडझड न होता वळले.

याउलट काही गोष्टी दशकानुदशके जागच्या हललेल्या नाहीत. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले तक्त्यांच्या स्वरूपातील माहितीसाठ्याचे तत्त्व आजही बँकेपासून रेल्वे आरक्षणापर्यंत वापरात आहे. टिम बर्नर्स-ली यांच्या वेबमधील मागणी आणि उत्तर ही एचटीटीपीची रीत आजही प्रत्येक वेब फ्रेमवर्कच्या तळाशी आहे. महाविद्यालयात कंटाळवाणे वाटलेले डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय येथे कामाला येतात. फ्रेमवर्क लवकर शिकणाऱ्याची स्मरणशक्ती विलक्षण असतेच असे नाही. नव्यातील ऐंशी गोष्टी त्याला जुन्याच वाटतात आणि उरलेल्या वीसच खऱ्या अर्थाने शिकाव्या लागतात, एवढाच फरक असतो.

म्हणून कामाला सुरुवात करण्यापूर्वी एक कोरा कागद घेऊन दोन रकाने आखावेत. डावीकडे आधीच्या अनुभवातील गोष्टी लिहाव्यात : पत्ता आणि त्याला उत्तर देणारा मजकूर यांची जोडणी, अर्जातील माहितीची तपासणी, डेटाबेसशी बोलणे, पानाचा साचा, लॉगिन, चुकांची नोंद, चाचण्या. उजवीकडे नव्या फ्रेमवर्कमध्ये यांना काय म्हणतात ते शोधून भरावे. जे घर रिकामे राहील, तेवढाच अभ्यासाचा खरा विषय. मराठी येणाऱ्याला गुजराती शिकताना संपूर्ण व्याकरण नव्याने शिकावे लागत नाही, तसेच हे आहे.

आवृत्तीचा घोळ

नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ ज्यात वाया जातो ती गोष्ट अगदी साधी आहे. प्रकल्पात फ्रेमवर्कची कोणती आवृत्ती वापरली आहे, हे पाहिलेलेच नसते. इंटरनेटवर पहिला सापडलेला धडा घेऊन ते बसतात आणि तो चालत नाही म्हणून स्वतःला दोष देतात.

उदाहरणच द्यायचे तर नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटच्या तिसऱ्या आवृत्तीला किमान जावा १७ लागते. शिवाय 'जावाएक्स' या नावाने सुरू होणारे अनेक संदर्भ तेथे 'जकार्ता' या नावाने लिहावे लागतात. दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेला, एरवी निर्दोष असा धडा तेथे पहिल्याच पानावर अडतो. रिअ‍ॅक्टमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये 'हुक्स' आले आणि मजकूर लिहिण्याची सर्वमान्य पद्धतच बदलली. नवा प्रकल्प उभारण्यासाठी वर्षानुवर्षे शिकवले गेलेले 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त झाल्याचे रिअ‍ॅक्टच्या चमूने जाहीर केले. तरीही त्यावर आधारलेले असंख्य व्हिडिओ आजही पाहिले जातात.

तात्पर्य, पहिल्या दिवशी प्रकल्पातील अवलंबनांची यादी असलेली फाइल उघडून भाषेची, फ्रेमवर्कची आणि डेटाबेसची आवृत्ती टिपून ठेवावी. त्याच आवृत्तीचे अधिकृत दस्तऐवज वाचावेत. कंपनीचा प्रकल्प जुन्या आवृत्तीवर असेल, तर नव्या आवृत्तीचे कौतुक नंतर करता येईल.

एका मागणीचा माग

दस्तऐवजांचे पहिले प्रकरण वाचून झाले की पुढचे वाचत न बसता एक लहानशी, पण पूर्ण वस्तू उभी करावी. विषय ओळखीचा असावा, म्हणजे डोक्यावर दुहेरी भार पडत नाही. बुलडाण्याच्या तरुणासाठी बाजार समितीच्या नोंदवहीइतका ओळखीचा विषय दुसरा कोणता असणार? खामगाव किंवा मलकापूरच्या बाजारात सोयाबीन, तूर, हरभरा येतो. दररोज आवक क्विंटलमध्ये आणि किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर नोंदले जातात. ही नोंदवही नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहिणे हा उत्तम सराव आहे.

यात कामे मोजकीच ठेवावीत. एक अर्ज, ज्यात तारीख, शेतमाल, आवक आणि तीन दर भरता येतील. एक पान, ज्यावर गेल्या सात दिवसांचे दर दिसतील. एक दुरुस्तीची सोय. एवढेच. मात्र यात फ्रेमवर्कचे सर्व महत्त्वाचे थांबे येऊन जातात. वापरणाऱ्याने 'जतन करा' हे बटण दाबले की मागणी कोणत्या पत्त्यावर जाते? तो पत्ता कोणत्या फाइलीत नोंदलेला असतो? तेथून ती कोणाच्या हाती पडते? किमान दर कमाल दरापेक्षा अधिक भरला तर तो कोण अडवतो? बाजार बंद असल्याने आवक शून्य असेल, त्या दिवशी दराचे घर रिकामे ठेवायचे की शून्य लिहायचे? शून्य लिहिले तर आठवड्याची सरासरी चुकेल. मग डेटाबेसमध्ये 'माहिती नाही' हे कसे नोंदवायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना फ्रेमवर्क हाताला लागते. केवळ वाचून ते लागत नाही.

वस्तू चालू लागली की ती मुद्दाम बिघडवावी. पत्त्याचे नाव चुकीचे लिहावे, डेटाबेस बंद करून पाहावा, आवश्यक असलेली एखादी ओळ पुसून टाकावी आणि पडद्यावर कोणता संदेश येतो तो नीट वाचावा. प्रत्यक्ष कामावर पहिल्या आठवड्यात हेच संदेश अचानक समोर येणार असतात. त्यांचा चेहरा आधीच ओळखीचा झाला असेल, तर घाबरगुंडी उडत नाही. चुकीच्या संदेशाची लांबलचक यादी वाचताना आपण लिहिलेल्या फाइलीचे नाव तीत कोठे येते ते आधी शोधावे. बहुतेक ओळी फ्रेमवर्कच्या पोटातील असतात आणि आपल्या कामाच्या ओळी मोजक्याच असतात.

यानंतर प्रकल्पातील खऱ्या मजकुराकडे वळावे आणि तेथेही हीच रीत वापरावी. एखादे छोटे बटण निवडून त्याचा माग पडद्यापासून डेटाबेसपर्यंत आणि परत पडद्यापर्यंत काढावा. डीबगर लावून एकेक पायरी थांबत जावे. असे तीन-चार माग काढले की हजारो फाइलींच्या त्या पसाऱ्यात वाटा दिसू लागतात.

मेंदू काय म्हणतो?

घाईने शिकण्याविषयी मानसशास्त्राने बरेच काही सांगून ठेवले आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधक जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मनाची तात्कालिक स्मृती फार अरुंद असते. एकाच वेळी अनेक नव्या गोष्टी तिच्यात कोंबल्या तर प्रश्न कसाबसा सुटतो. पण शिकणे होत नाही. म्हणूनच नवी भाषा, नवे फ्रेमवर्क, नवा डेटाबेस आणि नवे क्लाउड व्यासपीठ अशा चार गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करणे हा हमखास अपयशाचा मार्ग होय. शक्यतो एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवावी आणि बाकीच्या ओळखीच्या.

स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. अगदी नवख्या विद्यार्थ्याला थेट गणित सोडवायला देण्यापेक्षा आधी सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला देणे अधिक फलदायी ठरते. फ्रेमवर्कच्या बाबतीत याचा अर्थ असा की, सुरुवातीचे दोन-तीन दिवस चांगल्या, चालत्या उदाहरणाची प्रत्येक ओळ समजून घेण्यात घालवणे म्हणजे आळस नव्हे. मात्र ही अवस्था लवकर संपवावी लागते. उदाहरणे पाहतच राहिले तर 'सगळे कळते आहे' असा भास होतो आणि कोऱ्या पडद्यासमोर हात थांबतात.

हा भास कसा मोडायचा याचे उत्तर हेन्री रोडिगर आणि जेफरी कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात सापडते. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्याला एकदा वाचून तो आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. संध्याकाळी सर्व पाने बंद करून, सकाळी शिकलेला भाग न पाहता कोऱ्या फाइलीत लिहून पाहणे कष्टाचे आणि थोडे अपमानास्पदही वाटते. परंतु खरे शिकणे त्याच कष्टात होते. हरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की, शिकलेल्यातील मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरला जातो. म्हणून दुसऱ्या दिवशीची आणि नंतर तीन-चार दिवसांनीची उजळणी ही चैन नसून गरज आहे. रात्रभर जागून केलेला दहा तासांचा अभ्यास पाच दिवस रोज केलेल्या दोन तासांच्या अभ्यासाची बरोबरी करू शकत नाही.

इंग्रजीची भिंत

बुलडाण्यासारख्या जिल्ह्यातून आलेल्या अनेकांची खरी अडचण फ्रेमवर्कची नसून इंग्रजीची असते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यानंतर अचानक इंग्रजी पाठ्यपुस्तके आणि नोकरीत इंग्रजी दस्तऐवज, असा हा प्रवास असतो. वाचनाचा वेग कमी असल्याने व्हिडिओकडे ओढा वाढतो. व्हिडिओ मात्र ज्याच्या त्याच्या गतीने चालतो. हवा तो परिच्छेद पुन्हा शोधणे त्यात अवघड जाते.

या बाबतीत मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उल्लेखनीय आहे. सुमारे दहा मिनिटांचा एकेक धडा, ऐकता ऐकता स्वतः करून पाहण्याची रीत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतील निवेदन हे त्याचे वैशिष्ट्य. सी, जावा, पीएचपी अशा विषयांचा पाया मराठीतून ऐकून पक्का करता येतो आणि तोही विनामूल्य. मात्र रोज बदलणाऱ्या फ्रेमवर्कचे अद्ययावत दस्तऐवज मुख्यत्वे इंग्रजीतच मिळतात, हे वास्तव स्वीकारावे लागते. त्यावर उपाय एकच : रोज दोन पाने वाचावीत आणि वाचलेल्याचा आशय स्वतःच्या वहीत चार मराठी वाक्यांत लिहावा. जे मराठीत सांगता येत नाही ते बहुधा समजलेलेच नसते. दस्तऐवजांतील इंग्रजी कथा-कादंबरीतले नसते, तीच तीनशे-चारशे क्रियापदे आणि संज्ञा पुन्हा पुन्हा येतात. महिनाभरात ही भिंत बरीच खाली येते.

यंत्राचा मदतनीस

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे मदतनीस हाताशी आले आहेत. नव्या फ्रेमवर्कमध्ये हवा तो मजकूर ते क्षणात लिहून देतात. मग शिकायचेच कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

या संदर्भात 'मीटर' या अमेरिकी संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विचार करायला लावणारा आहे. मुक्त स्रोत प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रॅमरांनी २४६ कामे केली; काही कामांत मदतनीस वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. मदतनीस वापरलेल्या कामांना सरासरी १९ टक्के अधिक वेळ लागला. काम संपल्यावरही त्या प्रोग्रॅमरांना मात्र आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केले असेच वाटत होते. हा प्रयोग त्या काळातील साधनांवरचा आणि ओळखीच्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांचा होता. नवशिक्यांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही वेग आणि वेगाचा भास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून निश्चित दिसते.

नवशिक्यासाठी धोका वेगळाच आहे. मदतनिसाने जुन्या आवृत्तीचा मजकूर दिला किंवा फ्रेमवर्कमध्ये मुळात नसलेली सोय आत्मविश्वासाने सांगितली, तर ते ओळखण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी अजून आलेले नसते. म्हणून मदतनिसाकडून मजकूर लिहून घेण्यापेक्षा समजावून घेण्याचे काम करून घ्यावे. 'ही ओळ काय करते?', 'माझ्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये याच्या जागी काय होते?', 'मला या प्रकरणावर पाच प्रश्न विचार' अशा रीतीने वापरल्यास तो उत्तम शिकवणीचा मास्तर ठरतो. मिळालेल्या उत्तराचा पडताळा अधिकृत दस्तऐवजांत आणि स्वतः चालवून पाहण्यात घ्यावा, हे ओघाने आलेच.

पंधरा दिवसांचा हिशेब

या साऱ्याचा मेळ घातला तर पंधरा दिवसांची विभागणी अशी करता येते. पहिला दिवस आवृत्त्या टिपण्यात, प्रकल्प आपल्या संगणकावर चालू करण्यात आणि दोन रकान्यांचा तक्ता आखण्यात जावा. दुसरा ते चौथा दिवस अधिकृत प्राथमिक धडा अभ्यासण्यात आणि तोच धडा न पाहता पुन्हा लिहिण्यात. पाचवा ते आठवा दिवस स्वतःची लहान वस्तू, उदाहरणार्थ बाजार समितीची नोंदवही, उभी करण्यात आणि मुद्दाम बिघडवण्यात. नवव्या दिवसापासून प्रकल्पातील खऱ्या मजकुराचे माग काढावेत आणि वरिष्ठांकडून एखादी लहानशी दुरुस्ती मागून घ्यावी. छोटी का असेना, आपली दुरुस्ती तपासून स्वीकारली गेली की प्रकल्पाचे सारे चक्र एकदा फिरून येते : मजकूर लिहिणे, चाचणी, सहकाऱ्याची तपासणी आणि सर्व्हरवर चढवणे. हा अनुभव शंभर पानांच्या वाचनाहून मोलाचा आहे.

प्रश्न विचारण्याचा संकोच मात्र याच काळात सोडावा लागतो. लहान गावातून आलेल्या तरुणांना, आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने गप्प राहण्याची सवय असते. अर्धा तास स्वतः प्रयत्न करावा, काय काय करून पाहिले ते लिहून काढावे आणि ते घेऊन सहकाऱ्याकडे जावे. असा प्रश्न विचारणाऱ्याविषयी सहसा आदरच वाटतो. तीन दिवस गप्प बसून चौथ्या दिवशी 'जमले नाही' असे सांगणारा मात्र साऱ्या चमूचे वेळापत्रक अडचणीत आणतो. त्याचप्रमाणे पंधरा दिवसांत कोणते काम होईल आणि कोणते होणार नाही, हे वरिष्ठांना पहिल्या आठवड्याच्या अखेरीसच सांगावे.

कारण पंधरा दिवसांत मिळते ती कामचलाऊ ओळख, प्रभुत्व नव्हे. गूगलमध्ये संशोधनाचे नेतृत्व केलेले पीटर नॉर्व्हिग यांनी २००१ मध्ये एक प्रसिद्ध लेख लिहिला. काही दिवसांत प्रोग्रॅमिंग शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या पुस्तकांची खिल्ली उडवत, या विद्येला दहा वर्षे लागतात असे त्यांनी त्यात सांगितले. या दोन विधानांत विरोध नाही. दहा वर्षे लागतात ती प्रोग्रॅमिंगला. पंधरा दिवस पुरतात ते त्या दहा वर्षांच्या वाटेवरील एका नव्या फ्रेमवर्कच्या पहिल्या ओळखीला. सुरक्षितता, वेग आणि मोठ्या भाराखाली होणारे वर्तन या बाबी पुढील महिन्यांत कामातूनच कळत जातात. तोवर पैशाचे व्यवहार किंवा लोकांची खासगी माहिती हाताळणारा मजकूर अनुभवी सहकाऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

महाविद्यालयांसाठीही यात एक सूचना दडलेली आहे. दरवर्षी बदलणाऱ्या फ्रेमवर्कमागे अभ्यासक्रमाने धावावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अभ्यासक्रम मंजूर होऊन वर्गात पोहोचेपर्यंत आवृत्ती बदललेली असेल. परंतु अखेरच्या वर्षात एकदा तरी विद्यार्थ्यांना पूर्णपणे अनोळखी फ्रेमवर्क आणि दोन आठवड्यांची मुदत देऊन एक छोटी वस्तू उभी करायला लावणे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. फ्रेमवर्क कोणते, हे तेथे गौण असेल. दस्तऐवज कसे वाचायचे, चुकीचा संदेश कसा उलगडायचा आणि अडल्यावर कोणाला कसे विचारायचे, याची रंगीत तालीम त्यातून होईल. शेगाव, चिखली वा मलकापूरहून पुण्याच्या गाडीत बसणाऱ्या तरुणाला ही तालीम झालेली असेल, तर सोमवारची ती सूचना ऐकून त्याची झोप उडणार नाही.